मॉस्कोत छापलेली मराठी

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे उभं एकच माणूस असलं तरी बोलणं आम्हा तिघा भावंडांचं आहे. ताई, धाकटा आणि मधला असे आम्ही एकाच घरात, एकाच जिन्याखालच्या ट्रंकेतली पुस्तकं वाचून वाढलो. त्यामुळे ‘आम्ही’ म्हटलं तर तो मोठेपणाचा थाट समजू नका. भाषण तिघांनी बसून तयार केलं आहे. काही ठिकाणी तिघांचं जमलं नाही, तेही सांगणार आहोत.

विषय कळवला तेव्हा कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी विचारलं, ‘समाजवादी राजवटीतली कला? गणपतीत हा कसला विषय काढलात?’ त्यांचं बरोबर आहे. त्यावर आमचं उत्तर एका आराशीचं आहे. साधारण १९७९ साली आमच्या घरच्या गणपतीला आम्ही कैलास पर्वताचा देखावा केला होता. थर्माकोल महाग होता, आणि कापूस लावला की उंदीर येतात असं आजीचं मत. तेव्हा ताईनं ‘सोव्हिएत देश’ मासिकाच्या जुन्या अंकांतली बर्फाची पानं कापली. गुळगुळीत कागद, निळसर पांढरी रानं, पार क्षितिजापर्यंत बर्फ. खळ लावून ती पुठ्ठ्यावर चिकटवली आणि त्यापुढे गजानन बसवला. दर्शनाला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘वा, हिमालय अगदी खरा वाटतो.’ तो सायबेरिया आहे हे आम्हा तिघांना आणि अण्णांना तेवढं माहीत होतं. एका कोपऱ्यात ट्रॅक्टरचं चाक राहून गेलं होतं. त्यावर विसर्जनापर्यंत दूर्वांची जुडी ठेवलेली होती.

आता पाणीगेटच्या घरात मॉस्कोचं मासिक येत कसं होतं, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको, पण मुलांसाठी सांगतो. १९६० साली अंकलेश्वरला तेल लागलं. त्या शोधात सोव्हिएत तज्ज्ञांचा मोठा वाटा होता. मग आपल्या शेजारी कोयलीला तेलशुद्धीकरण कारखाना उभारायचं ठरलं, तोही सोव्हिएत मदतीनं. १० मे १९६३ ला पंडित नेहरूंनी पायाभरणी केली, १९६५ मध्ये पहिलं युनिट सुरू झालं आणि १९६६ च्या ऑक्टोबरात राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. वर्षाला वीस लाख टन ही तेव्हाची आखणी. आज तो कितीतरी पटींनी वाढला आहे, पण अण्णांच्या तोंडी अखेरपर्यंत ‘रशियन प्लांट’ हाच शब्द होता. अण्णा तिथे फिटर म्हणून लागले. पहाटे सायकल काढायची, डब्यात भाकरी-पिठलं, आणि संध्याकाळी येताना शर्टाला असा एक वास, की आजही पेट्रोलपंपावर उभं राहिलं की आम्हाला वडील आठवतात.

रशियन माणसं बडोद्यात दिसायची ती आमच्या जन्माच्या आधीची. अण्णा सांगायचे की गोरे, धिप्पाड, घामाघूम झालेले लोक मंगळ बाजारात पितळी भांडी पाहत उभे असायचे, आणि आपले दुकानदार त्यांच्याशी बेधडक गुजरातीत भाव करायचे. त्यांच्यातल्या कुणीतरी जाताना अण्णांना एक लहानसा बिल्ला दिला होता. लाल चांदणी, मधोमध कुरळ्या केसांचं एक गोंडस बाळ. पुढे कित्येक वर्षांनी कळलं की ते बाळ म्हणजे लहानपणीचा लेनिन. आजीनं तो देवघरातल्या डबीत ठेवला होता. तिच्या मते तो बाळकृष्ण होता.

अण्णा कम्युनिस्ट नव्हते. युनियनची वर्गणी भरायचे आणि मंडळाचीही भरायचे. ‘सोव्हिएत देश’ची वार्षिक वर्गणी अगदी किरकोळ होती, म्हणून ते यायचं. ‘त्यांची जाहिरात आहे,’ असं ते सरळ म्हणायचे, ‘पण कागद चांगला आहे.’ जूनमध्ये शाळा सुरू होताना सगळ्या वह्यांना त्याच कागदाची कव्हरं. आमच्या गुजराती माध्यमाच्या शाळेत भूगोलाच्या वहीवर धरण, गणितावर बोल्शोईची नर्तकी आणि संस्कृतवर गव्हाची कापणी अशी वाटणी असायची.

खरा खजिना मात्र मासिक नव्हे, पुस्तकं. ती आणायचे गिरगावातले मामा. मुंबईत फोर्टमध्ये पीपल्स बुक हाउस होतं, तिथून दिवाळीला येताना ते पाच-सहा पुस्तकं घेऊन यायचे. पुठ्ठ्याची बांधणी, पानभर रंगीत चित्रं, आणि किंमत इतकी कमी की मामांना ती फटाक्यांच्या हिशेबातच बसवता यायची. वरती प्रकाशक: प्रगती प्रकाशन, मॉस्को. नंतरच्या पुस्तकांवर रादुगा प्रकाशन, मॉस्को. रादुगा म्हणजे इंद्रधनुष्य. १९८२ साली प्रगतीतून वेगळी निघालेली संस्था. आणि आत मराठी. जोडाक्षरांसकट, ऱ्हस्व-दीर्घासकट, आपली मराठी.

हे आमच्यासाठी काय होतं, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला पटकन कळणार नाही. इथल्यांना कळेल. शाळेत गुजराती, ओटल्यावर गुजराती, रेडिओवर हिंदी. मराठी म्हणजे आईचं रागावणं, आजीची पोथी आणि आरत्यांचं पुस्तक. वाचायची मराठी आणि ती सुद्धा मुलांसाठी, रंगीत, आपल्या खिशाला परवडेल अशी, ती आमच्या घरात पहिल्यांदा आली ती मॉस्कोहून. आम्ही ‘च’ आणि ‘छ’चा फरक चुक आणि गेक या दोन भावांच्या गोष्टीवर शिकलो. अर्काडी गायदारची ही गोष्ट. वडील दूर तैगाच्या जंगलात भूगर्भ संशोधनाच्या कामावर. आई दोन मुलांना घेऊन मॉस्कोहून त्यांच्याकडे निघते. वडिलांची तार येते, दोघं भाऊ भांडतात, भांडणात तार खिडकीबाहेर जाते, आणि दोघं ठरवतात की आईला सांगायचं नाही. आमचे वडील जंगलात नव्हते, रात्रपाळीला असायचे. पण न सांगितलेली गोष्ट पोटात घेऊन केलेला तो सगळा प्रवास आम्ही इतक्या वेळा केला आहे, की आजही कुणाची बातमी लपवली की ताई म्हणते, ‘तार खिडकीबाहेर गेली वाटतं.’

समोवार काय असतो ते आम्हाला माहीत नव्हतं. चित्र पाहून तिघांनी ठरवलं की हा न्हाणीघरातल्या बंबाचा धाकटा भाऊ. तांब्याचा, मध्ये निखारे, खाली तोटी. फक्त हे लोक अंघोळीच्या पाण्याचा चहा का करतात, एवढाच प्रश्न राहिला होता. देनिस नावाचा व्हिक्टर द्रागुन्स्कीचा मुलगा आम्हाला आमच्या गल्लीतलाच वाटायचा, त्याचे वडील तर अगदी आमच्या मामांसारखे. भाषांतर कुठे कुठे अडखळायचं. एखादं वाक्य रशियन थंडीनं आखडल्यासारखं यायचं. पण ते करणारी माणसं आपली होती. अनिल हवालदारांसारखे मराठी अनुवादक मॉस्कोत राहून ही पुस्तकं मराठीत आणत होते. तिथल्या बर्फात बसून कुणीतरी ‘धांदल’, ‘लुडबुड’, ‘गट्टी’ असले शब्द शोधत होतं, आणि ते शब्द आमच्यासारख्यांसाठी होते.

आणि चित्रं! सुतेयेवचं ते अळंबीचं चित्र आपल्यातल्या काहींनी पाहिलं असेल. आम्ही ते मराठीत पाहिलं की हिंदीत यावर घरात अजून वाद आहे. पावसात एका अळंबीखाली आधी मुंगी येते, मग फुलपाखरू, उंदीर, चिमणी, आणि शेवटी कोल्हा मागे लागलेला ससा. जागा नाही नाही म्हणता सगळे मावतात, कारण पावसात अळंबी वाढत असते. चारुशिनची अस्वलाची पिल्लं अशी, की कागदावरून हात फिरवला तर केस लागतील. कुठे मोठ्यानं सांगणं नाही, उपदेश नाही. मासिकातला ट्रॅक्टर आणि या पुस्तकातली अस्वलं एकाच सरकारनं छापली हे तेव्हाही चमत्कारिक वाटायचं.

सरकारनं पुस्तक छापून घरोघरी पोचवायचं, यात बडोदेकराला नवल वाटायचं कारण नव्हतं म्हणा. आपल्या आजोबांच्या पिढीनं ते पाहिलं होतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन साहेबांना आणून ग्रंथालय खातं उभं केलं. पेटीत पुस्तकं भरून गावोगाव फिरत्या वाचनालयांतून पाठवली. देशी भाषांत ग्रंथ व्हावेत म्हणून दोन लाख रुपये वेगळे काढले, त्यातून श्रीसयाजी साहित्यमाला आणि बालज्ञानमाला निघाल्या, गुजरातीत आणि मराठीतही. ते राज्य १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. तेव्हा एक राज्य एका दिवसात नाहीसं होणं, आणि मग पन्नास वर्षं त्याच्या आठवणी काढणं, यात आपला हात धरणारं कुणी नाही. आजीच्या तोंडी ‘महाराजांच्या वेळी’ हे शब्द यायचे तेव्हा रस्ते नेहमी धुतलेले असायचे. दुष्काळ, जातीची उतरंड, प्लेग हे सगळं त्या आठवणीतून गळून गेलेलं असायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे आम्हीही तेच केलं.

आमच्या तिघांची अशीच एक रशिया तयार झाली होती. बर्फ, समोवार, प्रेमळ आजी, खोडकर मुलं, आणि सगळ्यांना पुस्तक. चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही तिच्यावर तासन्‌तास बोलायचो. मग ताईच्या मुलीनं एक प्रश्न विचारला.

भाची आपल्या फाइन आर्ट्समध्ये शिकते. १९५० साली सुरू झालेली, बेंद्रे सरांच्या हाताखाली वाढलेली ही संस्था. तिथल्या मुलांना चित्राच्या मागे पाहायची खोड असते. पाणीगेटचं घर पाडून नवी इमारत करायचं ठरलं, जिन्याखालची ट्रंक बाहेर आली, आणि ती पुस्तकं चाळताना तिनं विचारलं, ‘मामा, ही चित्रं काढणाऱ्यांचं पुढे काय झालं?’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत आमच्या कुणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. नाव छापलेलं असायचं, ‘चित्रे’ म्हणून, आतल्या पानावर, बारीक टायपात. आम्ही ते कधी वाचलंच नाही.

मग तीच शोधून आणत गेली आणि आम्ही ऐकत गेलो. सगळं सांगत नाही. व्लादिमीर लेबेदेव, मार्शाकच्या बालगीतांचा चित्रकार, ज्यानं विसाव्या दशकात मुलांच्या पुस्तकाचं रूपच बदलून टाकलं. १ मार्च १९३६ च्या ‘प्रावदा’त त्याच्यावर आणि त्याच्यासारख्यांवर ‘रंग फासणारे चित्रकार’ अशा अर्थाचा लेख आला. पक्षाच्या मुखपत्रातला लेख म्हणजे टीका नव्हे, इशारा. लेबेदेव वाचला, पण त्यानंतरची त्याची चित्रं पाहिली तर हात तोच, बोटं मात्र घाबरलेली वाटतात. वेरा येर्मोलायेवा ही लेनिनग्राडची चित्रकार. लहानपणी घोड्यावरून पडून पाय गेलेले, कुबड्यांवर चालायची. तिच्या पुस्तकांतले मासे, मांजरं, मासेमार पाहून भाची दोन दिवस वेडी झाली होती. १९३४ च्या डिसेंबरात तिला अटक झाली आणि १९३७ मध्ये कझाकस्तानातल्या छावणीत गोळी घालण्यात आली. ज्याच्या गमतीदार कवितांवर ही मंडळी चित्रं काढायची तो दानिइल खार्म्स, लेनिनग्राडच्या वेढ्यात, १९४२ च्या फेब्रुवारीत, तुरुंगाच्या इस्पितळात उपासमारीनं गेला.

आणि आमची लाडकी चुक-गेकची गोष्ट छापून आली १९३९ साली. म्हणजे येर्मोलायेवाला मारल्यावर दोन वर्षांनी. गायदार स्वतः १९४१ मध्ये जर्मनांशी लढताना गेला, त्याच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण तार लपवणारी ती दोन मुलं ज्या मॉस्कोतून निघाली, त्या मॉस्कोत त्या दिवसांत मोठी माणसं काय काय लपवत होती!

त्या रात्री आमच्यात भांडण झालं. खरं भांडण, जेवणं राहिली. ताई म्हणाली, ‘मग आपण ज्यावर वाढलो ते सगळं खोटं होतं का? ती ट्रंक देऊन टाका पस्तीवाल्याला.’ धाकटा चिडला. तो म्हणाला, चित्रकारावर अत्याचार झाला म्हणून त्याचं चित्र टाकून देणं म्हणजे मारणाऱ्याचंच काम पुरं करणं. मधल्याला दोघांचंही पटत होतं, आणि तेवढ्यासाठी त्याला दोघांनी बोलून घेतलं. भाची गप्प बसून होती. शेवटी ती म्हणाली, ‘पण तुम्ही एक विचारतच नाही. एवढ्या भीतीत चित्रं इतकी चांगली का निघाली?’

या प्रश्नानं आम्ही गेले दोन-तीन महिने झोपलेलो नाही, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. आम्हाला समजलं ते असं. जो स्वतःच्या मनासारखं मोठं चित्र काढू शकत नव्हता, जो स्वतःच्या नावावर कविता छापू शकत नव्हता, तो मुलांच्या पुस्तकात येऊन बसला. तिथे पहारा थोडा सैल होता. एरवी संशयास्पद ठरलं असतं ते रंगांशी खेळणं, वेडगळपणा, थट्टा, हे ‘मुलांसाठी आहे’ म्हणून खपून जायचं. निदान काही काळ. सुतेयेवच्या अळंबीखाली जसे सगळे मावले, तसे. इल्या काबाकोव या चित्रकाराचं उदाहरण भाचीला फार महत्त्वाचं वाटतं. १९३३ चा जन्म, १९५७ पासून तीसेक वर्षं मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढून पोट भरलं. त्याच वेळी मॉस्कोत इमारतीच्या माळ्यावरच्या खोलीत तो स्वतःचं काम करत होता, जे कुठल्याच सरकारी प्रदर्शनात लागणं शक्य नव्हतं. फक्त मित्र वर येऊन पाहायचे. १९८५ सालची त्याची एक कलाकृती आहे. एक लहानशी खोली, भिंतींवर प्रचाराची पोस्टरं, मध्ये एक गोफणीसारखा झोका, आणि छताला मोठं भोक. खोलीतला माणूस त्यातून अवकाशात उडून गेलेला. काबाकोव पुढे परदेशी गेला, जगप्रसिद्ध झाला आणि २०२३ मध्ये अमेरिकेत वारला. बुलातोव आणि वासिल्येव हे त्याचे समकालीन दोघं मित्र वर्षातला काही काळ मिळून मुलांची पुस्तकं रंगवायचे आणि उरलेला काळ आपापली चित्रं काढायचे.

आमच्या ट्रंकेत ४३ पुस्तकं निघाली. काबाकोवचं त्यात एकही नाही, येर्मोलायेवाचंही नाही. आम्ही बारीक टायपातलं प्रत्येक नाव वाचलं. पण ज्या हातांनी ती ४३ पुस्तकं रंगवली ते हात याच शाळेतले, त्याच खोल्यांतले. दुसऱ्या बाजूलाही पाहिलं पाहिजे. बाजारात खपेल का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. कागद, छपाई, पगार सरकारचा, प्रती लाखांनी. आपल्याकडे नॅशनल बुक ट्रस्टनं ‘नेहरू बाल पुस्तकालय’ काढलं, त्यामागेही हीच कल्पना होती, आणि ती पुस्तकं अजून मिळतात, आवर्जून घ्या. पण त्या माणसांनी जो गोडवा पानावर ठेवला, तो राजवटीनं दिलेला नव्हता. बाहेर ठेवायला जागा नव्हती म्हणून त्यांनी तो तिथे ठेवला. आम्ही तीस वर्षं त्याचं श्रेय समोवारला देत होतो.

आमची हुरहूर स्वस्त होती हेही कबूल केलं पाहिजे. पुस्तकं आमच्या वाट्याला आली, रांगा आणि रात्रीची दारावरची थाप तिकडच्यांच्या. त्यांच्यातल्याही पुष्कळांना आज तो काळ गोड वाटतो म्हणतात. त्यांना बोलायचा हक्क आहे, तो त्यांचा हिशेब आहे.

इथे अण्णाभाऊ साठ्यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारण मराठी माणसाची रशिया आमच्यासारख्या मध्यमवर्गीय मुलांच्या चित्रांतून सुरू होत नाही. ती सुरू होते गिरणगावात, लालबावटा कलापथकाच्या डफावर. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी ते उभं केलं. त्याआधीच अण्णाभाऊंनी स्तालिनग्राडवर पोवाडा रचला होता. लक्षात घ्या, तिकडे कलावंत सरकारच्या मर्जीनं जगत होता आणि इकडे तीच स्वप्नं गाणाऱ्यांच्या कार्यक्रमांवर मुंबई सरकार बंदी घालत होतं. १९६१ साली अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले, ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. पाहुण्याला जे दाखवतात ते त्यांनी पाहिलं, असं आज म्हणणं सोपं आहे. भाची तसं म्हणालीसुद्धा. त्यावर ताईनं तिला गप्प केलं. वाटेगावहून पायी मुंबई गाठलेला, शाळेत दीड दिवस बसलेला माणूस. त्याला एखाद्या देशात कामगाराच्या मुलाला पुस्तक आणि नाटकगृह मिळतं हे दिसलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी येणं खोटं कसं? १९६९ साली ते गोरेगावात हलाखीत गेले. २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तोपर्यंत ज्या देशाला ते भेटले होते तो देश नकाशावर उरला नव्हता.

तो देश गेला १९९१ च्या डिसेंबरात. आम्ही तेव्हा कॉलेजात, ताईचं लग्न ठरत होतं. घरी फरक पडला तो एवढाच, की ‘सोव्हिएत देश’ यायचं थांबलं. आणि पुढच्या उन्हाळ्यात न्यायमंदिराजवळच्या फूटपाथवर मॉस्कोची पुस्तकं किलोवर विकायला आली. गॉर्की, भौतिकशास्त्र, अस्वलं, सगळं एका तराजूत. धाकट्यानं जवळ होते तेवढ्या पैशांत दोन किलो घेतली. आणखी घ्यायला हवी होती, हे तो दर दिवाळीला म्हणतो. अण्णांनी ती पिशवी पाहिली, वर काढून एक पुस्तक उघडलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि परत ठेवलं. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेले. प्लांट चालूच होता.

मग आम्हाला नेमकं काय आठवतं, कशाची हुरहूर लागते? तिघांनी बसून खूप खल केला. त्या राजवटीची नाही, याबद्दल आता एकमत आहे. ट्रॅक्टरची तर कधीच नव्हती. आम्हाला आठवतं ते हे, की पाणीगेटच्या एका गल्लीत, महाराष्ट्राबाहेर, गुजराती शाळेत जाणाऱ्या तीन मुलांना मराठीत वाचायला काय द्यायचं, हा प्रश्न जगात कुणालातरी पडला होता. त्याचे हेतू काय होते ते आम्हाला माहीत आहे. पण प्रश्न पडला होता, आणि त्यावर त्यानं आपले सर्वांत चांगले चित्रकार लावले होते. आज आमच्या घरात पुढच्या पिढीत मराठी बोलतात सगळे. वाचतं कुणी नाही. भाची आरती मोबाइलवर गुजराती लिपीत वाचते. यात दोष तिचा नाही. ‘शाळेत कामाला येणार नाही’ असं म्हणून तिला बाराखडी न शिकवणारे आम्हीच. ताई हे वाक्य भाषणात नको म्हणत होती. आम्ही दोघांनी ठेवलं.

ट्रंकेचं काय करायचं, हा प्रश्न घर पाडायच्या तारखेपर्यंत राहिला. एका ठिकाणी देऊ केली. तिथल्या गृहस्थांनी सौजन्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढी जुनी बालपुस्तकं नोंदवायला आमच्याकडे सदर नाही. मग कळलं की महाराष्ट्रातही आमच्यासारखी माणसं आहेत. काहींनी ही पुस्तकं शोधून, जमवून ‘धुक्यात हरवलेले लाल तारे’ नावाचा माहितीपटही केला आहे. मिळाला तर जरूर पाहा. आम्ही तो तिघांनी एकत्र पाहिला आणि मध्येच थांबवून प्रत्येक पुस्तकावर ‘हे आपल्याकडे आहे’, ‘हे नव्हतं’ असं करत राहिलो, त्यामुळे भाचीला काहीच ऐकू आलं नाही.

तिनं स्वतः एक काम मात्र केलं आहे. ४३ पुस्तकांतल्या चित्रकारांची नावं एका वहीत उतरवून काढली आहेत, आणि नावासमोर जे सापडलं ते. जन्म, गाव, काय काढलं, पुढे काय झालं. काहींच्या पुढे अजून रकाना कोरा आहे. वही देवनागरीत आहे. मराठी पुस्तकातलं नाव जसं छापलंय तसंच उतरवायचं म्हणून तिनं अक्षरं गिरवून लिहिली, आणि गिरवता गिरवता ‘ळ’ आणि ‘क्ष’ शिकली. ‘ज्ञ’ अजून चुकते.

ट्रंक आणि वही दोन्ही मंडपाच्या उजव्या बाजूला, प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवली आहेत. अनंत चतुर्दशीपर्यंत राहतील. मुलांना हात लावू द्या, पानं फाटली तर फाटू देत, ती त्यासाठीच छापली होती. काल रात्री एका लहान मुलानं अस्वलाच्या चित्रावर बोट ठेवून गुजरातीत विचारलं, ‘आमां शुं लख्युं छे?’ त्याला वाचून दाखवायला ताई खाली बसली, आणि ती आरतीला उशिरा आली. तुमच्यापैकी ज्यांना मराठी वाचता येतं त्यांनी संध्याकाळी अर्धा तास तिथे बसायला हरकत नाही, खुर्ची ठेवली आहे. पाऊस आला तर तेवढं ट्रंकेचं झाकण लावा.